तिच्या फाइलमधल्या लाल ओळी

४ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचा! ताईने निघताना बजावलं होतं, की पोचल्या पोचल्या कुणाशी भांडू नकोस, निदान पहिला आठवडा तरी. तर नोंद करून ठेवतो: पहिला दिवस भांडणाविना पार पडला. ही वहीसुद्धा तिनेच दिली. म्हणाली, राग आला की माणसांवर काढण्याऐवजी वहीवर काढ, वही उलटून बोलत नाही.

खोली झकास आहे. तिसरा मजला, एक पलंग, एक खुर्ची, भिंतीतलं कपाट, आणि खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या. घरमालक खाली राहतात आणि त्यांना कमी ऐकू येतं. माझ्यासारख्या आरडाओरडा करणाऱ्याला तर सोन्याहून पिवळं!

ऑफिस चालत दहा मिनिटांवर. पाण्याचे पंप बनवणारी कंपनी. मागे कारखाना, पुढच्या इमारतीत एका लांबट खोलीत आमचं खातं. पंपाच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका येते, जी कुणी म्हणजे कुणीही वाचत नाही, ती आम्ही सांभाळतो. आम्ही म्हणजे मी आणि मास्तर. मास्तर कधी शाळेत शिकवायला गेले नाहीत, पण अख्खा कारखाना त्यांना मास्तरच म्हणतो. एक चष्मा नाकावर, एक कपाळावर, आणि दिवसभर शोधत असतात तिसराच.

काम मजेशीर आहे. इंजिनियर लोक पुस्तिकेच्या फाइलमध्ये सारखे बदल करतात. संगणकात अशी सोय आहे, की फाइलचं प्रत्येक जुनं रूप जपून राहतं. 'डिफ' असा हुकूम दिला की जुनं आणि नवं रूप ओळीला ओळ लावून समोर येतं. गेलेली ओळ लाल, तिच्याआधी वजाचं चिन्ह. आलेली ओळ हिरवी, तिच्याआधी अधिकचं. आपण ते वाचायचं, पटलं तर 'कमिट' करायचं. म्हणजे बदल पक्का झाला, आपल्या नावासकट आणि वेळेसकट. मास्तर म्हणाले, की इथे काही हरवत नाही बाबा, आणि कुणी केलं तेही लपत नाही.

कॉलेज अर्ध्यात सोडलेल्याला याहून बरं काम कोण देणार होतं? आई फोनवर रडली. आनंदाने, असं तिचं म्हणणं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

काम दुपारीच संपलं. मास्तर म्हणाले, हात बसायला हवा, स्वतःची एक फाइल करून सराव कर. केली. नाव दिलं 'ती'.

दुसरं काय देणार? दोन वर्षांत तिच्याबद्दल जे जे साठलंय ते सगळं लिहून काढलं, एका ओळीत एक गोष्ट. जिना चढताना पायऱ्या मोजते आणि दर वेळी वेगळा आकडा सांगते. माझ्या अक्षराला कोंबडीचे पाय म्हणते. हरतेय असं दिसलं की वादाचा विषयच बदलते. बिस्किट चहात बुडवते, पडलं की दोष माझ्यावर. धाकटी बहीण चिमणी, आमच्या चिठ्ठ्या पोचवायची आणि दर चिठ्ठीला एक चॉकलेट वसूल करायची. लिहिता लिहिता दोनशे चौदा ओळी झाल्या. मास्तरांनी लांबून बघितलं आणि म्हणाले, पंपाची पुस्तिका एवढी मोठी नाही रे.

वाईटही लिहिलं. लपवायचं कुणापासून? प्रयोगशाळेत एक पोरगा तिच्याबद्दल काहीतरी घाण बोलला. माझं डोकं फिरलं आणि मी स्टूल फेकलं. पोरगा वाचला. मागचं काचेचं कपाट फुटलं आणि काच तिच्या डाव्या तळहातात घुसली. चार टाके. सर म्हणाले माफी माग, मी म्हटलं त्याने आधी मागावी, आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच.

शेवटाकडे, एकशे सत्त्याऐंशीव्या ओळीत, ती मला जे म्हणाली ते. हात बांधलेला होता, आवाज एकदम शांत. म्हणाली, तुझ्या रागाला मी माझं घर देणार नाही, परत येऊ नकोस.

चार महिने झाले त्याला.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज बोलणी खाल्ली. डिफ मोठा असला की पडद्यावर एका वेळी पानभरच दिसतो आणि तळाशी दोन टिंबं लुकलुकतात. म्हणजे खाली अजून आहे. बटण दाबत दाबत 'समाप्त' दिसेपर्यंत जायचं असतं. मी पहिलं पान बघितलं, एक स्वल्पविराम बदललेला, म्हटलं ठीक आहे, बाहेर पडलो आणि कमिट केलं. तिसऱ्या पानावर एक अख्खी ओळ उडाली होती: झाकण काढण्यापूर्वी वीज बंद करा.

मास्तर ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. चष्मा पुसत म्हणाले, की या ओळीवाचून एखाद्याचा हात भाजला असता, आणि नोंदवहीत नाव तुझं असतं. वरवर बघून सही ठोकणारे मी खूप पाहिले, म्हणाले, सगळे तुझ्यासारखेच, हुशार आणि घाईत.

आम्ही काय मुद्दाम केलं का? माझं डोकं तापलं होतं. पण वहीवर काढलं. ताई, खूश?

१२ नोव्हेंबर, मंगळवार

तिला अकरावा निरोप पाठवला. वाचल्याची खूण येते, उत्तर नाही. आज दुपारी असा संताप आला, की फाइल उघडली आणि ओळ एकशे सत्त्याऐंशी उडवून टाकली. तिच्या जागी लिहिलं: ती म्हणाली, थोडे दिवस थांब, राग निवळला की बोलू.

पोरकटपणा आहे, कळतं मला. पण फाइल माझी, ओळ माझी, कुणाच्या बापाचं काय जातंय? डिफ बघितला. वर एक लाल, एक हिरवी. बरं वाटलं. कमिट केलं आणि चहाला गेलो.

१३ नोव्हेंबर, बुधवार

तिचा फोन आला!!

साडेअकराला. मी पंपाच्या वायसरचे आकडे जुळवत होतो. विचारत होती, की थोडे दिवस थांब म्हटलं होतं मी, तू तर तोंडच फिरवलंस. राग निवळला का? मी मूर्खासारखा हो हो करत राहिलो. मास्तर म्हणाले, खुर्चीवरून पडशील, भिंत धर.

संध्याकाळी ताईला फोन केला. आडून आडून विचारलं, ती शेवटचं काय म्हणाली होती तुला आठवतं का? ताई म्हणाली, थांब म्हणाली होती की. तूच तर माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलंस, आणि तेवढ्यावरून माझे दोन कप फोडलेस.

कप मी फोडले होते. पण त्या दिवशी मी ताईला थांब असं सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं ते वर लिहिलंय, पाच तारखेला, माझ्याच कोंबडीच्या पायांत.

१८ नोव्हेंबर, सोमवार

चार दिवस विचार केला. खोटं कशाला बोलू, एकच दिवस विचार केला, उरलेले तीन धीर गोळा केला.

काचेची ओळ बदलली. आता अशी आहे: काच फुटली, पण कुणालाही लागलं नाही. हे तर चांगलंच काम आहे ना? तिचाच हात वाचवतोय. डिफ उघडला, वर ती एक लाल, ती एक हिरवी, तळाशी टिंबं लुकलुकत होती. मास्तरांनी तेवढ्यात हाक मारली. कमिट.

२३ नोव्हेंबर, शनिवार

ती आली. सकाळच्या बसने, हातात एक छोटी पिशवी.

मी आधी तिचा डावा हात बघितला. तळहात साफ. एक ओरखडा नाही. मला रडू आलं, आणि मी ते तिला दिसू दिलं, हे पहिल्यांदाच.

दिवसभर फिरलो. नदीकाठचा रस्ता, जुनं वाचनालय, कारखान्यामागची टेकडी. ती छान दिसत होती. प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होती. टपरीवरचा चहा भिकार आहे, मी म्हटलं. तिने मान डोलावली, भिकार आहे. मग मी गंमत म्हणून म्हटलं, तसा बरा आहे. तर बरा आहे, म्हणाली. बिस्किट हातातच राहिलं तिच्या. बुडवायचं असतं हे जणू माहीतच नव्हतं.

जिना चढताना मी थांबलो, तिच्या आकड्याची वाट बघत. ती माझ्यामागे थांबली. मी चढलो तशी चढली.

संध्याकाळी विचारलं, परतीची बस कधीची? तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, परत कुठे?

घरमालकांनी खालची रिकामी खोली दिली. त्यांना ती फार आवडली. म्हणाले, किती शांत मुलगी!

२६ नोव्हेंबर, मंगळवार

ती आता माझ्याबरोबर ऑफिसला येते. मास्तरांनी तिच्यासाठी कोपऱ्यात खुर्ची मांडली आणि मला कानात म्हणाले, नशीब काढलंस लेका, तुझ्यासारख्या भडकूला अशी पोरगी. ती हात मांडीवर ठेवून बसते. वाचत नाही, फोन बघत नाही, खिडकीबाहेरही बघत नाही. माझी बोटं बघते.

आज मी कामात असताना तासभर काही बोललो नाही. मग मागून आवाज आला. तिने विचारलं, मी आता काय बोलू?

वाटलं चेष्टा करतेय. वळलो. चेष्टा नव्हती. ती वाट बघत होती.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

विषय काढायचा म्हणून विचारलं, चिमणीचं काय चाललंय? अजून चॉकलेट घेते का? तिने विचारलं, कोण चिमणी?

तुझी बहीण, म्हटलं. ती हसली नाही, दचकलीही नाही. म्हणाली, बरं.

बरं!

बाहेर जाऊन ताईला फोन केला. ताई म्हणाली, अरे ती एकुलती एक आहे, तुला काय झालंय? मी चिमणीचा नंबर शोधला. दोन वर्षं होता माझ्याकडे. नाही. ती एक बारा वर्षांची पोरगी, दोन वेण्या, समोरचा एक दात अर्धा. तिने मला एकदा लाच दुप्पट कर म्हणून धमकावलं होतं. मी तिला कधी काही केलं नाही. तिचा काय संबंध होता यात?

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

फाइल उघडली. नऊ ओळी उरल्यात.

दोनशे चौदा होत्या.

मग बसलो आणि जे आधी करायला हवं होतं ते केलं. बारा तारखेचा डिफ काढला. वर माझी एक लाल, माझी एक हिरवी. तळाशी टिंबं. बटण दाबलं. लाल. दाबलं. लाल. पायऱ्या मोजते, गेली. वाद घालते, गेली. कोंबडीचे पाय, गेली. पाच पानं, ऐंशी ओळी. अठरा तारखेचा त्याहून मोठा. चिमणीची ओळ सहाव्या पानावर. तिच्याखाली 'समाप्त'च्या अगदी वर काही हिरव्या होत्या:

+ ती नाही म्हणत नाही.
+ ती त्याच्यामागे चालते.
+ ती विचारते, मी आता काय बोलू.
+ ती त्याच्याकडे बघून शिकते.

मी नाही लिहिल्या. देवाशप्पथ मी नाही. पण समोर नाव माझं आहे आणि वेळ मी कमिट केलं ती. मास्तरांना विचारलं, यंत्र आपलं आपण ओळी घालतं का? म्हणाले, छे, यंत्राला कुठली अक्कल. खाली काय होतं ते तू वाचलंस का? नाही ना. मग तुला ते मान्य होतं, असाच अर्थ होतो.

३० नोव्हेंबर, शनिवार

उपाय सोपा आहे. जुनं काही हरवत नाही. एक हुकूम, आणि फाइल पाच तारखेसारखी होईल. दोनशे चौदा ओळी. चिमणी परत येईल. ती पायऱ्या मोजेल.

आणि माझ्या तोंडावर सांगेल, परत येऊ नकोस. आणि हातात काच घुसेल. मीच घुसवायची, दुसऱ्यांदा, पूर्ण शुद्धीत.

सोमवारी करतो.

२ डिसेंबर, सोमवार

केलं नाही. मास्तर दिवसभर आजूबाजूला होते, असं कारण लिहिणार होतो. खोटं आहे. ती सकाळी म्हणाली, तू मला आवडतोस. चार महिने जे ऐकायला तडफडत होतो तेच. फाइल बघितली. दहा ओळी. दहावी तीच होती.

तरी ऐकताना बरं वाटलं. हे वहीत लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

४ डिसेंबर, बुधवार

रस्त्यात एका पोराने तिला धक्का दिला. मी त्याची कॉलर धरली. ती पूर्वी मला दंडाला धरून मागे ओढायची आणि नंतर तासभर शिव्या द्यायची. आज उभी राहिली. बघत. माझे हात, माझं तोंड, कपाळावरची शीर. शिकत.

पोराला सोडून दिलं. घरापर्यंत मी पुढे, पावलं मागे. मी थांबलो की थांबतात.

ही ती नाही. तिच्यातलं मी ठेवलेलं आहे फक्त. बाकीची ती कुठेतरी लाल आहे — सगळी, बहिणीसकट — आणि वाट बघतेय की मी एकदा तरी —

उद्या. नक्की.

५ डिसेंबर, गुरुवार

सकाळी वीज गेली. दुपारी आली, तर ती माझ्या खुर्चीत बसलेली. बोटं कळांवर, दाबत नव्हती, नुसती ठेवलेली. मी ऊठ म्हटलं. उठली.

खुर्ची कोमट नव्हती.

मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही चष्मे काढले. म्हणाले, की बाबा, मला यातलं कळत नाही. पण तिने नाही म्हटलं होतं ना तुला? मग ते तिचं होतं. ते तुझ्या फाइलमध्ये असो नसो, खोडायचा हक्क तुला नव्हता. परत दे.

एवढं साधं. परत दे.

६ डिसेंबर, शुक्रवार. दुपार

मास्तर जेवायला गेलेत. हुकूम लिहून तयार आहे. डिफ काढला, या वेळी पूर्ण वाचला, पानामागून पान, 'समाप्त'पर्यंत. दोनशे अकरा हिरव्या ओळी परत येतायत, नको त्या जातायत. चिमणी आहे. काच आहे. तिचं वाक्य आहे, शब्द न् शब्द.

फक्त एंटर. आधी तिची माफी मागावी म्हणून वळलो.

खुर्ची रिकामी —

मी तिच्या खुर्चीत आहे. कोपऱ्यात. वही मांडीवर. इथे कधी बसलो? ती माझ्या जागेवर. माझा हुकूम पुसलाय. नवी फाइल आहे, नाव 'तो'.

भराभर लिहितेय. इथून दिसतं. त्याला एक ताई आहे. तो कप फोडतो. तो कॉलर धरतो. तो मागे वळून बघत नाही. सगळं खरं आहे. तिनेच बघितलंय.

आता लाल.

उठता येत नाही. पाय आहेत. उठायचं कसं ते —

राग येऊ दे. रागाच्या भरात मी काहीही करू शकतो, एक बोट तर ठेवायचंय — तो पोरगा आठवतो, प्रयोगशाळेतला, काय बोलला तिच्याबद्दल — आठवलं — आठवलं आणि

बरा मुलगा होता तो.

नव्हता. लिहून ठेवतो, नव्हता बरा. मी त्याला स्टूल —

कसलं स्टूल

फोन वाजतोय. पडद्यावर ताई असं नाव आहे. कोण असेल. वाजून थांबला.

ती मागे वळून विचारते, ठीक आहे ना एवढं? तिला घाई नाही. खालपर्यंत वाचते, एकेक ओळ, मग माझ्याकडे बघते. विचारून करते सगळं. चांगली आहे. उजेड छान आहे इथे.

परत विचारते, करू का पक्कं?

अशा वेळी म्हणायचा एक शब्द असतो. छोटा. तिच्या दोनशे चौदामध्ये होता तो, मी तो — मला तो आत्ता म्हणायलाच — जिभेवर आहे, एकच शब्द, मी तिला